मालवाहतुकीचा कालवा झाला तर काठच्या गावांना नेमकं काय मिळतं?

तुम्ही विचारलंय की कंबोडियात मेकाँगपासून समुद्रापर्यंत १८० किमीचा फुनान तेचो कालवा होतोय, त्याच्या दोन्ही अंगाला १६ लाख लोक राहतात असं तिथलं सरकार सांगतं, मग कालवा आला म्हणजे पाणी आलं, पाणी आलं म्हणजे शेती सुधारली, तर लोक धास्तावलेले का आहेत? तुम्ही एमएसडब्ल्यू करताय आणि प्रबंधाला हा विषय घ्यावा का असंही विचारलंय. घ्या, जरूर घ्या. पण सुरुवात करायच्या आधी प्रश्नातली एक गोष्ट दुरुस्त करून घ्या, नाहीतर पुढचं सगळं चुकेल.

मी २३ वर्षं भूसंपादन आणि पुनर्वसनाच्या कामात आहे, बहुतेक काम मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या सिंचनाच्या कालव्यांवर, संयुक्त मोजणीपासून ते निवाडा म्हणजे मोबदला ठरवणारा आदेश झाल्यानंतरच्या तक्रारींपर्यंत. आपल्याकडे कालवा म्हटलं की डोक्यात लगेच लाभक्षेत्र म्हणजे त्याचं पाणी मिळणारं रान येतं, वितरिका, चाऱ्या, पोटचाऱ्या, पाणीवाटप संस्था, हे सगळं त्या एका शब्दात गृहीत असतं. जमीन गेली तरी शेतकरी मनाची समजूत घालतो की उरलेल्या रानाला तरी पाणी मिळेल, आणि बऱ्याच ठिकाणी उशिरा का होईना ते मिळतंही. मालवाहतुकीच्या कालव्याला लाभक्षेत्रच नसतं. त्याला दोन टोकं असतात, इकडे एक बंदर, तिकडे एक बंदर, आणि मधली गावं फक्त वाटेत येतात. त्यामुळे गावाच्या नजरेतून तो आपल्या जायकवाडीच्या कालव्यासारखा कमी आणि समृद्धी महामार्गासारखा जास्त असतो, फरक इतकाच की महामार्गाखालून बोगदा काढून बैलगाडी नेता येते आणि ८०-१०० मीटर रुंदीच्या पाण्याखालून ती नेता येत नाही.

म्हणजे खरा प्रश्न पाणी येणार का हा नाहीये. गावाच्या मधोमध एक रुंद, खोल, दोन्ही बाजूंनी भराव असलेली रेघ पडली की रोजचं जगणं कुठे कुठे तुटतं आणि ते जोडायची तरतूद आराखड्यात आहे का, हा आहे.

आता हा कालवा का हवाय ते थोडं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. नॉम पेन्हच्या नदीबंदरातून निघालेला माल आज मेकाँगने खाली व्हिएतनाममध्ये जातो आणि तिथल्या काय मेपसारख्या खोल बंदरातून मोठ्या जहाजावर चढतो. त्यासाठी दोन्ही देशांत २००९ चा जलवाहतुकीचा करार आहे, पण आपला माल दुसऱ्याच्या दारातून न्यायचा ही कंबोडियाची सल आहेच, आणि ती मला तरी समजते. म्हणून मेकाँग, तिथून बासाक नदी, मग कंदाल, ताकेओ, कांपोत हे प्रांत ओलांडून केपच्या किनाऱ्याला स्वतःची वाट. खोली सुमारे ५.४ मीटर, ३,००० टनांपर्यंतच्या बार्ज म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नावा, तीन ठिकाणी जलपाश म्हणजे लॉक, दारं लावून पाण्याची पातळी बदलत नाव वर-खाली नेणारी जागा. ५ ऑगस्ट २०२४ ला भूमिपूजन झालं, आणि एप्रिल २०२५ मध्ये १५१.६ किमीच्या टप्प्यासाठी चिनी कंपनीबरोबर सुमारे ११५ कोटी डॉलरचा करार झाला, त्यात कंबोडियाचा वाटा ५१ टक्के आणि चिनी बाजूचा ४९. हे बांधा-चालवा-हस्तांतरित करा या पद्धतीचं आहे, म्हणजे घातलेले पैसे जहाजांच्या टोलमधून वसूल करायचे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पाण्याच्या भांडणात तो परत येणार आहे.

पहिली गोष्ट ओलांडायची. प्रकल्पाच्या माहितीत ११ पूल आहेत. १८० किमीला ११ पूल म्हणजे सरासरी दोन पुलांमध्ये १५ किमी. आपल्या सिंचन कालव्यावर गावरस्त्याचे पूल, ज्यांना आम्ही व्हीआरबी म्हणतो, ते साधारण किलोमीटर-दीड किलोमीटरला असतात आणि तरीही माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत सगळ्यात जास्त तक्रारी पुलाच्याच असायच्या. सिंचन कालव्यावरचा पूल म्हणजे सपाट स्लॅब, पाणी खालून जाऊ दे एवढंच बघायचं. मालवाहू कालव्यावर पुलाखालून बार्ज जायची असते, त्यामुळे पूल जमिनीपासून दहा-दहा मीटर वर उचलावा लागतो, आणि १ ला २५ चा चढ धरला तरी दहा मीटर चढायला एका बाजूला २५० मीटरचा भराव लागतो, दोन्ही बाजूंचा मिळून अर्धा किलोमीटर, त्या भरावाखाली परत कुणाची तरी जमीन जाते. म्हणून पूल महाग होतो, म्हणून तो कमी बांधतात, आणि जो बांधतात तो मोठ्या रस्त्यावर बांधतात, शेतरस्त्यावर नाही. यात कुणाची दुष्ट बुद्धी असते असं नाही, हिशेबच तसा पडतो, पण त्या हिशेबात शेतावर जाणाऱ्या माणसाचं चालणं कुठेच धरलेलं नसतं.

हे मी इतकं जोर देऊन सांगतोय कारण एक मावशी माझ्या डोक्यातून जात नाहीत. तीन एकर दहा गुंठे जमीन, त्यातली एक एकर पाच गुंठे कालव्यात गेली, उरलेल्याचे दोन तुकडे झाले, घर आणि गोठा अलीकडे, विहीर पलीकडे. पंचनाम्यात आमच्या माणसाने लिहिलं, विहीर बाधित नाही. आणि ते खरंच होतं, विहीर आखणीच्या बाहेर होती, अठ्ठावीस फूट लांब, मी स्वतः टेप धरला होता. पण मोटार चालू करायला त्यांना दीड किलोमीटर चालून पुलावरून पलीकडे जायचं आणि तेवढंच परत यायचं, आणि लाइट रात्री दोनला येणार. तिसऱ्या वर्षी त्यांनी पलीकडचा तुकडा ठोक्याने देऊन टाकला. मला म्हणाल्या, "साहेब, विहीर वाचली म्हणता, पण ती आता माझी कुठं राहिली?" मोबदल्याच्या तक्त्यात या नुकसानीला रकानाच नव्हता. तेव्हापासून मी मोजणीच्या अर्जात घर ते शेत, घर ते विहीर, घर ते शाळा असं चालायचं अंतर आधीचं आणि नंतरचं लिहून घेतो, कुणी मागो न मागो. आता तुम्ही दीड किलोमीटरच्या जागी सात किलोमीटर ठेवून बघा. तिथे होड्या आहेत, लोक होडीने पलीकडे जातील, हे खरं आहे आणि काही ठिकाणी ते पुरेसंही ठरेल, पण पॉवर टिलर, भाताची पोती आणि बाळंतीण बाई यांना होडीने न्यायचं तर उतरायला घाट लागतो, आणि बार्ज चालू असताना छोटी होडी आडवी घालायची तर नियम आणि माणूस दोन्ही लागतात. तेव्हा नावेचे घाट आराखड्यात आहेत का, त्यांचा खर्च कोण करणार, हे बघा.

दुसरी गोष्ट पुराची, आणि माझ्या मते कंबोडियाच्या बाबतीत हीच सगळ्यात मोठी. आपण पूर म्हटलं की नुकसान समजतो. मेकाँगच्या खालच्या पट्ट्यात पूर हा पाहुणा असतो, दरवर्षी ठरलेल्या महिन्यात येतो, रानावर गाळ टाकतो, मासे आणतो आणि ओसरतो. ताकेओ भागात लोक पूर ओसरताना मागे राहिलेल्या ओलीवर भात लावतात. कंदालमध्ये नदीच्या उंच काठातून आडव्या खोदलेल्या चाऱ्या आहेत, त्यांना प्रेक म्हणतात, त्यांचं काम म्हणजे पुराचं गढूळ पाणी मुद्दाम आत रानात घेणं. तिथल्या ताटात माशाचा वाटा फार मोठा, प्रहोक म्हणजे खारवून आंबवलेले मासे घरोघरी लागतातच, आणि त्यातले कितीतरी मासे नदीतले नाही तर पुराबरोबर शेतात आलेले असतात.

आता हे पाणी पसरत जातं साधारण दक्षिणेकडे, व्हिएतनामच्या दिशेने, आणि कालवा जातो नैऋत्येला, म्हणजे पाण्याच्या वाटेत तिरका आडवा. भराव उंच झाला तर उत्तरेच्या बाजूला पाणी जास्त साचणार आणि दक्षिणेची बाजू कोरडी पडणार, हा इशारा बाहेरच्या अभ्यासकांनी दिलाय आणि त्यात मला तरी काही अतिशयोक्ती वाटत नाही, कारण हेच आम्ही छोट्या प्रमाणात दर पावसाळ्यात बघतो. कालवा नाल्याला छेदतो तिथे नाल्याचं पाणी पार न्यायला बांधकाम, ज्याला सीडी वर्क म्हणतात, ते करतात, मोरी, सायफन, जलसेतू जे बसेल ते. ती मोरी जर कमी रुंदीची ठेवली तर वरच्या बाजूला फुगवटा येतो. एका गावात मोरीत तुराट्या आणि प्लॅस्टिक अडकून सोयाबीन नऊ दिवस पाण्यात उभं होतं, मुळं काळी पडली, आणि त्याच वर्षी भरावाच्या खालच्या बाजूचा शेतकरी सांगत होता की ओढ्याला पाणीच आलं नाही, विहीर भरली नाही. एकाच भरावाची दोन टोकाची दुखणी, आणि दोघंही एकमेकांना दोष देत होते.

आपल्याकडे निदान नाला दिसतो, त्यामुळे मोरी कुठे ठेवायची ते ठरवता येतं. पूरमैदानात पाणी चादरीसारखं पसरून येतं, त्याला एक अशी वाट नसते, मग उघडी जागा ठेवणार कुठे आणि किती? कालव्याच्या खालून सायफन काढायचे, की दरवाजे ठेवून पुराचं पाणी एका बाजूने आत घ्यायचं आणि दुसऱ्या बाजूने सोडायचं? दुसरं केलं तर बार्जला आडवा प्रवाह लागतो, पहिलं केलं तर गाळ बसून सायफन बंद होतात आणि ते साफ करायला दरवर्षी पैसे लागतात. अशक्य नाहीये, पण किती उघड्या जागा ठेवल्या, किती रुंद, आणि दहा वर्षांनी त्या कोण साफ करणार, यावर गावाचं नशीब ठरतं. हे ज्या प्रकल्पात नीट केलंय तिथे मी म्हणेन लोकांना त्रास कमी होईल, जिथे नाही तिथे मोबदला कितीही द्या.

मेकाँगच्या १९९५ च्या करारावरून व्हिएतनाम आणि कंबोडियात जे चाललंय त्यात मी फार शिरत नाही. कंबोडियाने ऑगस्ट २०२३ मध्ये मेकाँग नदी आयोगाला हे उपनदीवरचं काम म्हणून कळवलं, आणि उपनदीवरच्या कामाला नुसती सूचना पुरते, मुख्य प्रवाहावरचं असेल तर आधी सल्लामसलत लागते, वाद त्याचा आहे. तुमचा विषय गावं आहेत, तर तुम्हाला यातलं एवढंच घ्यायचंय की सीमेपलीकडच्या, व्हिएतनामच्या आन्यांग प्रांतातल्या शेतकऱ्याला याच पाण्याची आणि गाळाची वाट बघायची असते, आणि त्याला या प्रकल्पात प्रकल्पग्रस्त असा दाखला कुणीच देणार नाही.

आता पाणी मिळेल का, या तुमच्या मूळ मुद्द्याकडे येतो. सरकार म्हणतंय की सिंचनालाही उपयोग होईल. होऊ शकतो, मी नाही म्हणत नाही, पण जहाजाला आणि शेताला पाणी वेगवेगळ्या पद्धतीने लागतं. जहाजाला पातळी लागते, बारा महिने एकसारखी, एक वीतभर खाली गेली तरी माल कमी भरावा लागतो. शेतकऱ्याला पाणी उपसायचं असतं, तेही नेमकं मार्च-एप्रिलमध्ये, जेव्हा नदीतच कमी असतं. शिवाय जलपाशातून जहाज उतरलं की प्रत्येक वेळी वरचं पाणी खाली जातं. पनामात एक जहाज जायला साधारण २० कोटी लिटर गोडं पाणी समुद्रात जातं, अर्थात ती जहाजं फार मोठी, इथे आकडा त्याच्या जवळपासही नसेल. पण २०२३ च्या दुष्काळात पनामाला रोजची जहाजं ३६ वरून २२-२४ वर आणावी लागली, आणि ज्या ‘गातून’ नावाच्या तलावावर कालवा चालतो त्यातूनच देशातल्या निम्म्याहून जास्त लोकांना प्यायचं पाणी जातं. त्यावर उपाय म्हणून आता रिओ इंदिओ नदीवर नवं धरण घालायचं ठरलंय आणि त्यात पुन्हा खेडी उठणार आहेत. म्हणजे कालवा एकदा झाला की त्याची तहान भागवायला पुढची गावं लागतात, हे तुमच्या प्रबंधात नक्की यायला हवं.

म्हणून कागदावर बघायचं ते हे, की सिंचनासाठी विमोचकं म्हणजे पाणी काढायच्या जागा आखणीत आहेत का, आणि टंचाईत आधी कोण, जहाज की भात? घातलेले पैसे टोलमधूनच वसूल होणार असतील तर उत्तर काय येईल हे वेगळं सांगायला नको. लेखी वाटा नसेल तर काठावर राहूनही शेतकरी नुसता पाणी बघत बसेल.

मातीचं कुणी बोलत नाही म्हणून बोलतो. ८० मीटर रुंदी, ५ मीटर खोली, १८० किमी, नुसता गुणाकार केला तरी ७ कोटी २० लाख घनमीटर. काही भाग आधीच्या ओढ्या-चाऱ्यांतून जातो म्हणून थोडं वजा करा, पण जमीन पाण्याच्या पातळीपेक्षा वर असते तिथे वाढवा. दहा घनमीटरचा हायवा डंपर धरला तर सत्तर लाखांच्या वर खेपा. ही माती टाकायची जागा संपादनात दाखवलेली असते का? आमच्याकडे अनेकदा नसते. ठेकेदार मग जवळच्या शेतकऱ्याशी तोंडी बोलून त्याच्या बांधाला ढीग लावतो, पावसात तो ढीग खालच्या रानात वाहतो, आणि खालची पिवळी माती वरच्या काळ्या मातीवर बसली की ते रान चार-पाच वर्षं धड पिकत नाही. केपच्या टोकाला हीच माती समुद्रात गेली तर तिथल्या उथळ किनाऱ्यावरचं गवत गुदमरतं, आणि केपच्या प्रसिद्ध खेकड्यांची पिल्लं त्या गवतातच वाढतात.

भराव नुसता असून भागत नाही, तो पाझरतोही. अस्तर नसेल तर काठची जमीन चिबड होते, हे आपल्याकडच्या कुणालाही सांगायला नको. आणि बार्जच्या लाटा काठ खातात. आपल्याकडे अंबा नदी राष्ट्रीय जलमार्ग १० म्हणून जाहीर आहे, धरमतरच्या खाडीत बार्ज चालतात, तिथल्या कोळ्यांशी आणि खारबंदिस्तीच्या म्हणजे खारं पाणी अडवणाऱ्या बांधांच्या आतल्या शेतकऱ्यांशी एकदा बोलून या, जाळ्याचं आणि बांधाचं काय होतं ते तुम्हाला पेण-अलिबागला जाऊनसुद्धा कळेल, कंबोडियाचं तिकीट काढायच्या आधी.

मोबदल्याचं थोडक्यात सांगतो, कारण यावर तुम्हाला भरपूर वाचायला मिळेल. कंबोडियात २०१० चा संपादन कायदा आहे, त्यात आधी योग्य मोबदला मग ताबा असं तत्त्व आहे. अडचण कागदाची. ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीच्या काळात, १९७५ ते ७९, खाजगी मालकीच पुसली गेली आणि जमिनीची जुनी दप्तरं गेली, २००१ च्या जमीन कायद्यानंतर नोंदी परत होतायत, पण अनेकांकडे अजून गावपातळीवरचा कच्चा कागद आहे. आपल्याकडे सातबारा असून वारसनोंद नसल्याने चेक वर्षानुवर्षं कोर्टात अडकतात, तिथे काय होईल विचार करा. आणि कागद पक्का असला तरी बटाईदार, मजूर, मासे पकडणारे, नदीकाठी टपरी टाकून बसलेली बाई, यांचा कागद कुठेच नसतो. भूमिपूजनाच्या सुमारास बातम्यांत काठचे लोक हेच सांगत होते की घर जाणार की राहणार आणि किती मिळणार हे कुणी सांगितलेलं नाही. माझ्या अनुभवात ही अधांतरी अवस्था सगळ्यात वाईट. घराचा पत्रा बदलायचा नाही, विहीर खोल करायची नाही, मुलीचं लग्न ठरत नाही कारण पाहुणे विचारतात जमीन राहणारे का. एका गावात हद्दीचे दगड रोवल्यापासून निवाड्यापर्यंत अकरा वर्षं गेली, त्या अकरा वर्षांचा मोबदला कुणी मोजला नाही.

चांगलं होऊच शकत नाही असं मात्र समजू नका. फ्रान्समध्ये सेन-नॉर्ड कालवा होतोय, १०७ किमी, ४,४०० टनांपर्यंतच्या बार्जसाठी. तिथे अशा रेषेत जाणाऱ्या कामांनी शेतं फाटतात म्हणून प्रकल्पाच्या पैशाने परिसरातल्या जमिनींची फेरमांडणी करतात, आधीच काही जमीन विकत घेऊन ठेवायची, मग शेतकऱ्यांचे अलीकडचे-पलीकडचे तुकडे अदलाबदल करून प्रत्येकाची जमीन शक्यतो एकाच काठाला आणायची, आणि नुकसान थोडं थोडं सगळ्यांत वाटायचं. आपल्याला ही कल्पना परकी नाही, १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायद्यातूनच आपल्या सातबारावर गट नंबर आले. त्या एकत्रीकरणाबद्दल लोकांच्या तक्रारी अजून संपलेल्या नाहीत हे मला माहीत आहे, पण त्या मावशींची विहीर अशा अदलाबदलीने वाचली असती असं मला आजही वाटतं. यासाठी नोंदी धड हव्यात, गावाचा विश्वास हवा आणि खोदाईच्या आधी तीन-चार वर्षं वेळ हवा. भूमिपूजनाची तारीख आधी आणि मोजणी नंतर, असं असेल तर ते जमत नाही.

जलपाशाजवळ नवी बाजारपेठ उभी राहते, गोदामं येतात, हमाली, हॉटेल, दुरुस्तीची कामं मिळतात, हे होतंच. फक्त ते तीन जलपाश आणि एक बंदर यांच्या आसपास होतं, मधल्या दीडशे किलोमीटरला नाही, आणि जमिनीचा भाव वाढायच्या आधीच बाहेरचे दलाल सौदे करून मोकळे झालेले असतात.

तर प्रबंधासाठी माझा सल्ला. सगळा कालवा घेऊ नका. चार गावं घ्या, एक भरावाच्या उत्तरेचं, एक दक्षिणेचं, एक जलपाशाजवळचं आणि एक केपच्या किनाऱ्यावरचं. प्रत्येक घरात मोबदल्याचा प्रश्न शेवटी विचारा, पहिल्यांदा विचारलात तर बाकी काही ऐकायला मिळणार नाही. आधी विचारा पुराचं पाणी कोणत्या महिन्यात अंगणात येतं, किती दिवस राहतं, त्यातले मासे घरात कोण पकडतं, शेतावर जायला किती वेळ लागतो. बायकांशी वेगळं बोला, पाणी-सरपण-मासे यांचं चालणं त्यांचं असतं आणि बैठकीत ते कुणी सांगत नाही. आणि पहिली मुलाखत कुठे घ्यायची ते नकाशावर ठरवा, शेजारशेजारचे दोन पूल शोधा, त्यांच्या बरोबर मधलं गाव शोधा, आणि त्या गावात ज्याचं घर एका काठाला आणि शेत दुसऱ्या काठाला आहे त्याच्याबरोबर एकदा शेतापर्यंत चालत जा.